म्हाताऱ्या लेथचं नवं बटण

लाकूड कातायच्या जुन्या लेथचा वेग बदलायचा तर आधी तो बंद करावा लागतो. झाकण उघडा, मोटर जरा उचला, पट्टा पुलीच्या एका पायरीवरून दुसरीवर चढवा, मोटर पुन्हा खाली सोडा. बोटं काळी होतात ती वेगळीच. माझ्याकडच्या बिडाच्या लेथला अशा चार पायऱ्या आहेत, म्हणजे वेगही चारच. अधलामधला हवा असेल तर दुसरा लेथ बघा, असा त्याचा खाक्या. मला तो आवडायचाही. निवड कमी असली की कुरकुर करायला एक हक्काचं कारण मिळतं.

पण बारा इंची ताट लावलं की या प्रेमाचा कस लागतो. मोटरच्या वेगाने, मिनिटाला १४४० फेऱ्यांनी ताट फिरलं तर त्याचा काठ ताशी ८० किलोमीटरच्या वर पळतो. एवढ्या वेगाने येणाऱ्या गोष्टीला हमरस्त्यावर आपण निमूट वाट देतो. इथे तिच्यावर पटाशी टेकवायची असते. त्यात लाकूड एका बाजूला जड निघालं तर लेथ जागच्या जागी नाचायला लागतो. कातकामातला ठोकताळा असा की इंचातला व्यास आणि मिनिटाच्या फेऱ्या यांचा गुणाकार सहा ते नऊ हजारांत राहावा. म्हणजे या ताटाला पाचशे ते साडेसातशे फेऱ्या पुरेत. आणि सुरुवात तर त्याहूनही सावकाश, ओंडक्याचा अंदाज घेत.

पूर्वी वेग हवा तसा कमी-जास्त करायची सोय होती. दोरीच्या लेथवर कातारी पटाशी धरी आणि समोर बसलेला पोरगा दोरी ओढी. लाकूड एकदा पुढे, एकदा मागे फिरे, आणि कातणं व्हायचं ते एकाच दिशेच्या फेऱ्यात. वेग वाढवायचा तर पोरावर खेकसायचं, कमी करायचा तर त्याला गूळ द्यायचा. मग विजेची मोटर आली, तिने पोराची सुटका केली, पण तिला ना खेकसणं कळे ना गूळ.

याचं कारण तिच्या पोटात आहे. आपल्या विजेचे सेकंदाला ५० हेलकावे. साध्या चार पोलच्या मोटरमध्ये त्यामुळे चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० वेळा गरगरतं आणि आतला रोटर त्याच्यामागे धावतो. तो जरा मागेच राहतो, म्हणून १४४०. पूर्ण गाठलं तर ओढच संपते; मागे राहण्यातच त्याचं बळ आहे. (नोकरीत हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.) तेव्हा वेग बदलायचा तर हेलकावेच बदलायला हवेत. पंख्याचा रेग्युलेटर जोडून बघायचा मोह अनेकांना होतो. तो दाब कमी करतो, हेलकावे तेवढेच ठेवतो. कपॅसिटर-स्टार्ट मोटर तशी रखडवली तर तिचं सुरुवातीपुरतं वाइंडिंग पुन्हा जोडलं जातं आणि जळक्या वार्निशचा वास येतो.

म्हणून भिंतीवर व्हीएफडी, म्हणजे हेलकावे बदलणारा ड्राइव्ह, आला. घरातली सिंगल फेज तो आधी डीसी करतो, मग सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून हव्या त्या हेलकाव्यांची थ्री फेज तयार करतो; माझी मोटर थ्री फेजचीच. आमचा वायरमन पंपांचे स्टार्टर बसवून तयार झालेला. त्याने मोटरचा डबा उघडला. आत सहा टोकं, आणि त्यांतली तीन ओळीने जोडणारी पितळी पट्टी, म्हणजे स्टार. ती जोडणी ४१५ व्होल्टची. ड्राइव्हमधून मिळणार २३०. त्याने नट सैल केले, पट्टी काढली, टोकांच्या तीन जोड्या केल्या आणि डेल्टा झाला. पेन्सिलीएवढ्या त्या पितळेवर कित्येक वर्षांचा सागाचा भुसा मेणासारखा बसला होता. तो नखाने खरवडून म्हणाला, "काका, ड्राइव्ह भुशापासून लांब ठेवू. आणि मेन बंद केल्यावर लगेच झाकण उघडू नका, आत करंट दबा धरून असतो."

पहिल्या दिवशी बटण फिरवलं तेव्हा लेथ बारीक शीळ घालत इतका हळू निघाला की लाकडाचे डोळे मोजता यावेत. त्याच क्षणी शेजारच्या माईंचा रेडिओ मीडियम वेव्हवर खरखरायला लागला. मोटरची केबल जाळीवाली घातली, जाळी नीट अर्थ केली, तेव्हा त्यांची भजनं सुटली. एक गोष्ट मात्र आमच्या घाईच्या स्वभावाविरुद्ध शिकावी लागली: थांबण्यालाही वेळ द्यायचा. लेथ झटकन थांबवला तर आट्यांवर बसवलेला चक आपल्याच जोराने सुटून खाली येऊ शकतो. म्हणून थांबण्याचे सेकंद ऐसपैस ठेवले आहेत.

काम संपल्यावर वायरमनची नजर पुल्यांवर गेली. "आता ह्या भंगारात द्यायच्या का?"

मी बटण खूप खाली आणलं आणि त्याच्या हातात पटाशी दिली. त्याने जरा दाबली, लेथ गुरगुरला आणि थांबला. पट्ट्याने वेग कमी केला की त्याच प्रमाणात पीळ वाढतो. बटणाने कमी केला तर पीळ फार तर पूर्वीएवढाच राहतो. शिवाय मोटरचा पंखा तिच्याच दांड्यावर, तोही मंदावतो, आणि मोटर तापते. मग पट्टा सगळ्यात हळू पायरीवर चढवून, बटण वर आणून तेवढ्याच फेऱ्या ठेवल्या आणि पुन्हा दाबायला सांगितलं. या वेळी लांबलचक ढलपी निघून त्याच्या शर्टावर पडली.

"म्हणजे बोटं काळी करायचीच," तो म्हणाला आणि बिल लिहायला बसला.