हौसेला ब्रेक नसतो

अमेरिकेतल्या जुन्या मसल कारच्या मालकाला आधी दणकट इंजिन सुचतं. गाडी थांबवायचीही असते, हे पहिल्या उतारावर कळतं. १९६५च्या मस्टँगला चारही चाकांना ड्रम ब्रेक, पुढच्या डिस्कसाठी जादा पैसे. मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा, म्हणजे एक नळी गळाली की चारही ब्रेक गेले. पहिला खर्च दुहेरी सिलिंडरवर आणि नव्या नळ्यांवर व्हायला हवा. पण तो बाहेरून दिसत नाही ना! दिसतो तो लालभडक सहा पिस्टनचा कॅलिपर. तो मूळच्या १४ इंची चाकात मावत नाही. मग नवी चाकं, मग टायर. नाकापेक्षा मोती जड!

सस्पेन्शनचंही तेच. रेसिंग ड्रायव्हर आणि गाड्या घडवणाऱ्या कॅरोल शेल्बीने मस्टँगवरच बेतलेल्या १९६५च्या जीटी ३५०मध्ये पुढचे वरचे कंट्रोल आर्म १ इंच खाली घेतले आणि गाडी वळणावर सुधारली. काम ड्रिलने भोकं पाडण्याचं. पण भोकं मित्रांना काय दाखवणार? म्हणून महागडे कॉइलओव्हर येतात आणि शेजारी तडकलेले जुने रबरी बुश तसेच राहतात. आधी ते बदला, साहेब. कॅलिपर नंतरही लाल रंगवता येतो.