सव्वा मुठीचं गणित

कानबाईच्या रोटांचं गणित खानदेशात शाळेत न गेलेल्या माणसालाही येतं. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू. नागपंचमीनंतरच्या रविवारी त्या गव्हाचे रोट होतात, नारळाला डोळे आणि नथ लाभून त्याची देवी होते, रात्र गाण्यांत जागते आणि सोमवारी कानबाई नदीला जाते. रोट मागे उरतात. ते भाऊबंदांनीच खायचे, परक्याला द्यायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. आमच्या आजीने सुरतेतल्या साऱ्या आयुष्यात या नियमाची कानामात्राही बदलली नाही. तिने फक्त भाऊबंद वाढवले.

तिचं माहेर सारंगखेड्याचं, घोड्यांच्या यात्रेचं. लग्नानंतर दोंडाईच्याला गाडीत बसून ती नंदुरबारमार्गे उधन्याला उतरली आणि लिंबायतच्या एका गल्लीत संसाराला लागली. आजोबा लूमवर, ही घरी साड्यांना टिकल्या लावायची. परगावी आल्याचं दुःख तिला फारसं झालं नाही, कारण तापीही तिच्याच वाटेने सुरतेला आली होती. सारंगखेड्याला विसर्जन केलेली कानबाई उकाईचं धरण ओलांडून आपल्याच दारी येते, असं ती सांगे. धरणाचे दरवाजे उघडणाऱ्या इंजिनिअरला आपण कोणाकोणाला वाट देतो आहोत, याची कल्पना नसावी.

आमच्या घरात वर्षानुवर्षं कोणी जन्मलं नाही, तरी गव्हाची रास श्रावणागणिक फुगत गेली. शेजारच्या खोलीत ओडिशातल्या गंजामहून आलेली लूमवरची पोरं पाळीपाळीने झोपत. एक उठला की दुसरा त्याच उबेत शिरायचा. आजीने आधी त्यांच्यासाठी एक मूठ टाकली, मग माणशी. पुढे जौनपूरचा पानवाला हिशोबात आला. समोरच्या सुरती मासींना मुलगा नव्हता, म्हणून आजीने त्यांच्या जावयाची मूठ धरली. भाऊबंदकीतले एक काका दरवर्षी चिडत. शेताच्या बांधावरून सख्ख्या भावाशी त्यांचं बोलणं बंद होतं, त्यामुळे या विषयातला त्यांचा अधिकार मोठा होता. आजी त्यांना पाट मांडून द्यायची आणि गंजामच्या पोराकडे बोट करून म्हणायची, ‘‘हाऊ आपलाच शे.’’ काका रोट खात आणि पुढच्या वर्षी पुन्हा चिडायला येत.

2006 साली कानबाईचा सोमवार 7 ऑगस्टला आला. नेमकं तेव्हाच उकाईतून सोडलेल्या पाण्याने शहर व्यापलं. देवीने नदीकडे जायचं, तर नदीच गावात निघालेली. आमच्या गल्लीला पाणी लागलं नाही, पण नदीकाठची ओळखीची माणसं पोरंबाळं काखोटीला मारून आली. त्यांच्यामागे अनोळखीही आली. पौर्णिमा 9 तारखेला, आणि रोटांची चळत तशीच. आजीने पूर, पंचांग आणि भुकेली तोंडं यांच्यावर एकदा नजर फिरवली आणि त्या रात्री निम्म्या सुरतेला भाऊबंद करून टाकलं. रोट मुदतीत संपले, याचं समाधान तिला पूर ओसरल्याहून जास्त होतं.

या गणिताची दुसरी बाजू तिने हयातीत कोणाला शिकवली नव्हती. ती गेली तेव्हा गल्लीच आपणहून ती शिकली. रोट खाल्ला तो भाऊबंद, आणि भाऊबंदाला सुतक. पानवाल्याने दहा दिवस दाढी केली नाही. मासींच्या घरी फोडणीचा वास आला नाही. दहाव्या दिवशी अश्विनीकुमारच्या घाटावर न्हाव्यापुढे रांग एवढी लांबली, की त्याने वैतागून विचारलं, ‘‘म्हातारीला मुलगे तरी किती?’’ काका रांगेत गंजामच्या पोरामागे उभे होते. त्यांनी मागून मोजायला सुरुवात केली, मध्येच चुकले, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.