मूस, टाकणखार आणि चीजची चकती

आमच्या विट्यात जे नवे दुकान निघाले आहे, आणि चार ढकलगाड्या व एक थंड कपाट एवढ्या ऐवजाच्या बळावर लोक ज्यास ‘मॉल’ म्हणू लागले आहेत, तेथे परवा आमचे चिरंजीव आणि सूनबाई चीजच्या कपाटासमोर पंचवीस मिनिटे उभी होती. उभयतांनी एकमेकांस पसंत करताना याहून कमी वेळ घेतला होता, हे मी त्या प्रसंगाचा साक्षीदार या नात्याने सांगू शकतो. कपाटात चकत्या होत्या, वड्या होत्या, गोल डबीत रचलेले त्रिकोण होते, कीस होता, पेल्यात भरलेले मऊ चीज होते. मिरीचे, लसणाचे आणि तिसऱ्या कुठल्याशा परदेशी मिरचीचेही होते. शेवटी सूनबाईंनी मागे वळून अत्यंत आदराने मला विचारले, “बाबा, तुमचं फेवरिट कोणतं?”

चीज या शब्दावर कोटी करण्याचा मोह या ठिकाणी प्रत्येक मराठी लेखकास होतो. तो मी आवरला आहे, याची वाचकांनी नोंद घ्यावी.

चष्मा लावून मी पाकिटांची रुजुवात घेतली. पुढच्या बाजूस हिरवी कुरणे आणि तृप्त गाई. मागच्या बाजूस, मुंगीने शाईत पाय बुडवून चालावे अशा अक्षरांत, सात-बाराच्या उताऱ्यावर गट क्रमांक असावेत तसे आकडे: इमल्सिफायर ३३१, ३३९, संरक्षक २००, रंग १६०ब. यांपैकी १६०ब ही आपली शेंद्री, म्हणजे निदान रंग तरी ओळखीचा निघाला. बाकीचे गट क्रमांक पाकिटामागून पाकीट थोड्याफार फरकाने तेच. एकाच खातेदाराची सात नावे असावीत आणि त्यांतून आपण मालक निवडावा, असा तो एकंदर मामला होता. मी चकत्या म्हणालो. चकत्यांचे पाकीट हाताशी होते, एवढेच त्याचे कारण.

घरी येऊन पाहतो तो शेजारचे आप्पा ओट्यावर बसलेले. कोइमतूरला त्यांचे गलाईचे, म्हणजे सोने गाळण्याचे, दुकान आहे; दसऱ्याच्या पालख्यांच्या शर्यतीस मात्र ते दरवर्षी न चुकता गावी येतात. आप्पांनी पाकीट हातात घेतले, त्यातल्या दहांपैकी एक वीस ग्रॅमची चकती उचलली आणि तिच्या अंगावरचे पारदर्शक वस्त्र नखाने सोडवावयास आरंभ केला. दहा चकत्या आणि दहांना दहा वस्त्रे! आमच्या लहानपणी भावंडांत एक सदरा दोन दिवाळ्या फिरे, आणि येथे प्रत्येक चकतीचा स्वतंत्र पोशाख, तोही असा अंगासरशी शिवलेला की काढताना एक कोपरा हटकून त्यातच राहतो. आप्पांनी तो कोपरा चाटून पाहिला, चकती उजेडाकडे धरली, वाकवली, सोडली, पुन्हा वाकवली. नंतर खिशातून कसोटीचा दगड काढून (हा मनुष्य कसोटीचा दगड खिशात घालून शर्यत पाहावयास जातो) तिचा एक कस ओढला आणि बराच वेळ त्या पिवळ्या रेघेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “गाळून बघूया.” सूनबाईंची पोलादी वाटी मूस म्हणून मुक्रर झाली, गॅस पेटला, चकती वाटीत उतरली. ती वितळली, फार सुरेख वितळली. आप्पा वाकून वाट पाहत होते. पाच मिनिटे झाली, सात झाली. वाटीत एकजीव, तुळतुळीत, पिवळा रस सावकाश बुडबुडत होता. तेल सुटले नाही, पाणी सुटले नाही, वर मळी धरली नाही की तळाशी काही बसले नाही. आप्पांच्या चेहऱ्यावर, सबंध आयुष्य मुशीपुढे काढलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर, मी प्रथमच भीती पाहिली.

“गुरुजी,” ते म्हणाले, “सोनं गाळलं की मळ येगळा हुतोय आन् सोनं तळाला बसतंय. ह्येच्यातनं कायच सुटंना. ह्येच्यात मळ न्हाय, का सोनं न्हाय?”

मला ठाऊक होते तेवढे मी सांगितले. हाही गलाईचाच धंदा आहे, फक्त उलटा. कोवळे चीज, मुरलेले चीज, कारखान्यातले तुकडेतुकडे असे सगळे एका भांड्यात घालून वितळवायचे. साधे चीज तापले की त्यातला स्निग्धांश तेल होऊन बाहेर पडतो. तो पडू नये म्हणून वर क्षार टाकायचा, तोच ३३१. हा क्षार दुधातल्या केसिनास धरून बसलेले कॅल्शियम बाजूला सारतो, आणि मोकळे झालेले केसिन स्निग्धांशास व पाण्यास असे कवटाळते की पुढे किती आच दिली तरी त्या तिघांचा घटस्फोट होत नाही. “म्हंजे,” आप्पा म्हणाले, “आम्ही टाकणखार टाकतोय ते येगळं करायला, आन् ह्येनी टाकत्यात ते येगळं हुऊ नये म्हणून.” इतकी नेमकी व्याख्या मला पाकशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात आढळलेली नाही.

ही विद्या १९११ साली स्वित्झर्लंडमधल्या थून गावी सिद्ध झाली, आणि हेतू असा की उष्ण मुलुखात धाडलेले चीज वाटेत नासू नये. उष्ण मुलुखासाठी जन्मास घातलेला हा जिन्नस आता आमच्या उष्ण मुलुखात थंड कपाटात विराजमान आहे, आणि ज्या दुधातून तो निघतो ते दूध कॅन लावलेल्या मोटारसायकलीवर उन्हातून संकलन केंद्राकडे धावत असते. तेथे काय होते ते जरा पाहा. पहाटे चारला उठून धार काढलेली बाई रांगेत उभी राहते. यंत्रात तिच्या दुधाचा थेंब जातो. म्हशीस सहा फॅट आणि नऊ एसएनएफ (म्हणजे स्निग्धांश सोडून उरलेले घन), गाईस साडेतीन आणि साडेआठ. त्याखाली काटा एका बिंदूने घसरला की दर घसरला, आणि फार घसरला की दूध परत. “फॅट लागली न्हाय” या तीन शब्दांवर त्या घरची आठवड्याची जमाबंदी उलटीपालटी होते, आणि वर ती पाणी घालते असा संशय रोज दोन वेळा, सकाळ-संध्याकाळ, चारचौघांत, तिच्या किटलीवर घेतला जातो! आणि हे पेल्यातले मऊ चीज? त्यात शेकडा साठापर्यंत पाणी असावयास कायद्याची राजरोस मुभा आहे. त्याच्यासाठी यंत्र नाही, काटा नाही, रांग नाही, ‘परत घेऊन जा’ नाही. दुधातच मुळात शेकडा ऐंशीहून अधिक पाणी असते हे मी जाणतो. रागाच्या भरात ते मला आठवत नाही आणि आठवावे अशी माझी इच्छाही नाही. किलोभर चीजला साधारण दहा लिटर गाईचे दूध लागते. त्या दहा लिटरांतला एकेक बिंदू ज्या देशात मोजला जातो, त्या देशात त्याच दुधाच्या चकतीपुढे आम्ही पंचवीस मिनिटे उभे राहतो आणि विचारतो काय, तर मिरीचे घ्यावे की लसणाचे! दागिन्यावर ९१६ चा छाप नसेल तर सराफाची सात पिढ्यांची अब्रू काढणारे आम्ही विटेकर, त्या कपाटापुढे मात्र देवळात उभे राहावे तसे चप्पल काढायचेच काय ते बाकी ठेवतो.

हे सर्व मी बरेच मोठ्याने बोललो असावे. कारण सूनबाईंनी स्वयंपाकघरातून थालीपीठ आणून माझ्यापुढे ठेवले, आणि त्यावर उरलेल्या नऊपैकी एक चकती कडेने किंचित मऊ होऊन पसरली होती. लोण्याचा गोळा तेथे असावयास हवा होता, हे मी बोलून दाखवले. नंतर थालीपीठ खाल्ले. दुसरेही मागितले, त्यावरही चकती होती, आणि तिजविषयी मी काही बोललो नाही.

वाटीतला रस तोवर निवून त्याचा वाटोळा, घट्ट गोळा झाला होता. आप्पांनी तो काढून खिशातल्या तराजूत तोलला, सोनाराच्या गुलाबी कागदात व्यवस्थित पुडी बांधली आणि आतल्या खिशात ठेवली. दुकानात पोहोचल्यावर तो तेजाबात टाकून पाहणार आहेत म्हणाले.