यंत्राची जिरवताना

१९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाने बुद्धिबळात विश्वविजेत्या कास्पारोव्हला हरवलं, तेव्हा जगाने यंत्रापुढे हात टेकले. मी टेकले नाहीत. मुळात मला खेळताच येत नसल्यामुळे हरण्याचं नवल उरलेलं नाही. गणपतीतल्या सोसायटीच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद व्हायचं, ही माझी परंपरा. फोनमधलं ॲप माझ्या खेळींपुढे लाल प्रश्नचिन्हं लावतं, ते मात्र सहन होईना. मग ठरवलं, डाव खेळायचाच नाही. या यंत्राचीच परीक्षा घ्यायची.

इंजिनांची, म्हणजे बुद्धिबळाच्या चाली शोधणाऱ्या प्रोग्रॅमची, फजिती करणाऱ्या पटावरच्या स्थिती हौशी लोक वर्षानुवर्षं जमवत आलेत. इंजिन सेकंदाला लाखो स्थिती तपासतं खरं, पण सगळ्याच फांद्या खोलवर तपासणं त्यालाही जमत नाही. वेडगळ दिसणाऱ्या खेळी ते लवकर छाटतं. लिनारेसच्या स्पर्धेत १९९८ मध्ये ग्रँडमास्टर शिरोव्हने टोपालोव्हविरुद्ध उंट उचलून एच३ या घरावर चक्क मारायला ठेवला. का, तर राजाला मध्यभागी पोचायला एक चाल वाचावी म्हणून! जुन्या इंजिनांना ही खेळी सुचत नसे. मी ती स्थिती मोठ्या आशेने स्टॉकफिश या आजच्या इंजिनला दिली. लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरला आणि चहा उकळायच्या आत पडद्यावर उत्तर: उंट एच३. मी चहा बिनसाखरेचाच प्यायलो.

मग हुकमी पान काढलं. रॉजर पेनरोज यांच्या संस्थेने २०१७ मध्ये जगापुढे ठेवलेली स्थिती. काळ्याकडे राजा, वजीर, दोन हत्ती, तीन उंट, पाच प्यादी. पांढऱ्याकडे राजा आणि चार प्यादी. नुसत्या मोहऱ्यांच्या गुणांची बेरीज केली तर ३३ विरुद्ध ४. पण काळ्याचे वजीर, हत्ती, राजा आपल्याच प्याद्यांमागे कोंडलेले. हलतात ते फक्त उंट, आणि तिन्ही उंट काळ्या घरांवरचे. पांढऱ्या राजाने पांढऱ्या घरांवर फेऱ्या माराव्यात, त्याला शहसुद्धा बसत नाही. प्यादं न हलवता, काही न मारता दोघांच्या पन्नास-पन्नास चाली झाल्या की बरोबरी.

रविवारी भाची आणि शेजारचे काका यांच्यासमोर मी लॅपटॉप उघडला. अपेक्षेप्रमाणे इंजिनने काळ्याच्या बाजूने दांडगा आकडा दाखवला. “बघा! शाळकरी पोराला दिसतं ते याला दिसत नाही,” मी म्हणालो. मोजणं म्हणजे समजणं नव्हे, यावर बराच वेळ बोललोही. काकांनी मान डोलावली. (काका कशावरही मान डोलावतात.) मग मी पांढऱ्याच्या बाजूने बसलो, काळा इंजिनकडे.

पन्नास चाली म्हणजे किती, हे त्या खेळेपर्यंत कळत नाही. इंजिन एक उंट इकडे नेई, मी राजा तिकडे. ते दुसरा उंट परत आणी, मीही राजा परत. काका पेपर वाचायला लागले. भाची उठून वडे घेऊन आली. इंजिनला ना कंटाळा, ना भूक. आणि बी५ वरचा हत्ती माझ्या प्याद्याच्या तोंडाशी पहिल्यापासून उभा, फुकटचा. त्याला घेतलं की वजीर मोकळा सुटतो, हे मीच अर्ध्या तासापूर्वी बोट दाखवून समजावलं होतं. पण वड्याचा घास तोंडात असताना हात आपोआप गेला.

ज्या प्याद्याने मी हत्ती मारला, ते वजिराने टिपलं, वर शहही दिला. पुढचं फार लांबलं नाही. काकांनी पेपरातून डोकं काढून विचारलं, “बरोबरी झाली का?”

“म्हणजे आकडा चुकीचा होता हे तरी मान्य कर,” मी भाचीला म्हणालो.

“चुकीचा कुठे, मामा?” ती वड्याचा कागद चुरगाळत म्हणाली. “पांढऱ्याकडून तू खेळणार, हे त्याने धरलं होतं.”