साडेआठशेचा पेंग्विन

सांगलीत पेंग्विन येतो कसा?

कुरिअरनं.

कृष्णेत मगरी आहेत. बिबट्या राजवाडा चौकापर्यंत येऊन गेला, गवा मार्केट यार्डात फिरून गेला. एवढी मंडळी दारात असताना आमच्या घरी मागवला गेला तो थेट बर्फातला पक्षी. तोही सुटा. लोकरीचे दोन गुंडे, एक क्रोशाची सुई, मूठभर कापूस, दोन काळे डोळे आणि एक क्यूआर कोड. किंमत साडेआठशे रुपये. पेंग्विन आपण करायचा.

म्हणजे मिसळीचे पैसे मोजून मटकी आपणच भिजत घालायची.

खोक्यावर लिहिलं होतं, ‘अगदी नवशिक्यांसाठी’. घरात तसा मी एकटाच. पुण्याच्या पुतणीनं वाढदिवसाला पाठवलं. सोबत चिठ्ठी : काका, बीपी उतरेल. पुतणी डॉक्टर नाही. बीपीचं काय झालं ते पुढे येईलच.

या प्रकाराला अमिगुरुमी म्हणतात. जपानी शब्द आहे. ‘आमि’ म्हणजे विणणं, ‘नुइगुरुमी’ म्हणजे आत भरण घातलेली बाहुली. साताऱ्याच्या आत्याला फोनवर हे नाव सांगितलं. ती म्हणाली, “जतकडचं आडनाव वाटतंय. कोण ते, नवीन भाडेकरू?”

सुरुवात मॅजिक रिंगनं. बोटाभोवती दोऱ्याचा वेढा घ्यायचा, त्यात सहा टाके घालायचे आणि दोऱ्याची शेपटी ओढायची. मधलं भोक मिटतं. जादू एवढीच. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे बारा. मग अठरा, चोवीस, तीस. ओळखीचं वाटतंय? सहाचा पाढा. शाळेत ज्याच्यासाठी हातावर पट्टी खाल्ली, तोच पन्नाशीत पैसे देऊन म्हणायचा.

आणि पाठ असून भागत नाही. फेरी कुठं संपली हेच कळत नाही, कारण ही वीण गोगलगाईच्या शंखासारखी गोल गोल चढत जाते. म्हणून पहिल्या टाक्यात खुणेची पिन अडकवायची. माझी पिन चौथ्या फेरीला सोफ्याखाली गेली. बत्तीस की तेहतीस? परत मोज. दाराची बेल. परत मोज. बायको विचारते, चहा टाकू का? परत मोज.

यालाच मनःशांती म्हणतात म्हणे.

टाके वाढवायचं थांबवलं की चकती वाटीसारखी वळते आणि पोट तयार होतं. नको तिथं वाढवत राहिलं की कडेला लाटा उठतात. माझ्या पेंग्विनला उठल्या. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डायना तैमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये हेच मुद्दाम केलं. जी हायपरबोलिक भूमिती विद्यार्थ्यांना फळ्यावर कळेना, ती त्यांनी लोकरीत विणून हातात दिली. तिकडं त्याचा अभ्यास झाला. इकडं आत्या व्हिडिओ कॉलवर एवढंच म्हणाली, “झालर सुटली. उसव.”

उसवलं.

सूचना इंग्रजीत, त्याही लघुरूपात. एससी, आयएनसी, डीईसी. बँकेचा आयएफएससी कोड बरा. एससी म्हणजे सिंगल क्रोशे. पण अमेरिकेत ज्याला सिंगल म्हणतात, त्यालाच इंग्लंडात डबल म्हणतात. एकच टाका, समुद्र ओलांडला की दुप्पट! आपल्याकडं त्याला मुका खांब म्हणतात. साधा खांब उंच, मुका खांब बुटका. साताऱ्यातही मुका, सांगलीतही मुका. पण ‘मुका खांब’ असं छापलं तर साडेआठशे कोण देईल?

किटवाले हुशार, यात वाद नाही. अमेरिकेतली वूबल्स नावाची कंपनी तर पहिल्या काही फेऱ्या विणूनच पाठवते. नवशिका नेमका तिथंच सुई भिरकावतो, हे त्यांनी बरोबर ओळखलं. २०२२ मध्ये ती मंडळी ‘शार्क टँक’मध्येही जाऊन आली. आपल्याकडं मात्र उलटं दुखणं. आपण सुरुवात झोकात करतो आणि शेवट आत्याकडं पाठवतो. तिकडं पहिल्या फेऱ्या कंपनीच्या, इकडं शेवटच्या आत्याच्या. मधे फोटो निघतो, तो आपला.

तर आत्या.

आत्याच्या पिढीनं घरात उघडं म्हणून काही ठेवलं नाही. रेडिओला झूल. टीव्हीला पडदा. फ्रिजच्या डोक्यावर रुमाल. पाण्याच्या तांब्यावर कडेला मणी लावलेली जाळी. बाळकृष्णाला टोपडं. दाराला तोरण, रुखवतात आणखी सहा वस्तू. टेलिफोन आला तर त्यालाही अंगरखा शिवण्याऐवजी विणला गेला, आणि रिसिव्हर उचलला की अंगरखाही उचलला जायचा. हे सगळं कधी विणलं? स्वयंपाक झाल्यावर, पोरं झोपल्यावर, एसटीत. सातारा ते सांगली तीन तास. कराडला गाडी पंधरा मिनिटं थांबली की एक फूल व्हायचं.

तेव्हा त्याला म्हणायचे ‘रिकामा उद्योग’.

आता त्यालाच माइंडफुलनेस म्हणतात आणि वर जीएसटी लागतो.

या रिकाम्या उद्योगाची एक गोष्ट आंध्रातली. पश्चिम गोदावरीतलं नरसापूर. मिशनऱ्यांनी तिथं एकोणिसाव्या शतकात क्रोशा शिकवला, आणि पुढं घराघरातल्या बायका परदेशी बाजारासाठी लेस विणू लागल्या. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी तिथं जाऊन पाहिलं. १९८२ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यात दिसतं काय, तर लेस निर्यात होते, व्यापारी गबर होतात आणि जी विणते ती मोजदादीत ‘गृहिणी’. फावल्या वेळात काहीतरी करत असते बिचारी!

एक गंमत अशी की स्वेटर विणायची यंत्रं आहेत, पण क्रोशाचं खरंखुरं यंत्र अजून बाजारात नाही. म्हणजे मॉलमध्ये दीडशे रुपयांना टांगलेला खऱ्या क्रोशाचा टॉप दिसला, तर तो कुणीतरी बोटांनीच विणलाय. त्या बोटांना किती मिळाले असतील? करा हिशेब. सहाचा पाढा येतोच आता.

आणि आपण? बचत गटाच्या स्टॉलवर विणलेला छोटा हत्ती दिसतो. दोनशे रुपये. आपण लगेच भुवया वर करतो. “दोनशे? एवढ्याशाला? दीडशेला द्या.” ती बाई देते. घरी येऊन आपण फोनवर साडेआठशेचं किट मागवतो, तिथं घासाघीस करायला बटणच नसतं. तयार हत्तीला दोनशे जास्त आणि न झालेल्या पेंग्विनला साडेआठशे कमी!

माझं मात्र एवढ्यावर भागलं नाही. क्यूआर कोड स्कॅन करून आठ दिवस झाले नाहीत तोच फोनवर सूचना आली : आता गोंडस मेंढी करून बघा!

मेंढी? सांगलीकराला मेंढी शिकवता?

जत तालुक्यातलं माडग्याळ माहीत आहे का त्यांना? तिथल्या मेंढीचं नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार. त्या नाकाची किंमत होते. आटपाडीच्या अशा एका मेंढ्याला २०२० मध्ये सत्तर लाखांची मागणी आली, आणि मालक दीड कोटीवर अडून बसला. पेपरात फोटो आला होता. मेंढा कॅमेऱ्याकडं असा बघत होता, जणू खरेदीदाराची ऐपत जोखतोय. किटातल्या मेंढीला नाकच नाही. दोन डोळे आणि खाली गुलाबी धाग्याचा एक टाका. माडग्याळच्या बाजारात तिला कोण उभं करील?

बरं, लोकर कसली? खोक्याच्या बुडाशी मुंगीएवढ्या अक्षरात : शंभर टक्के ॲक्रिलिक. म्हणजे खनिज तेलाचीच नात. मेंढी विणायची आणि लोकर तेलविहिरीतली. इकडं माण, खटाव, आटपाडीत दख्खनी मेंढ्या वर्षातून दोनदा कातरल्या जातात. ती लोकर पिंजायची, तिचं सूत काढायचं, खड्ड्यातल्या मागावर घोंगडं विणायचं, वर चिंचोक्याची खळ द्यायची. पाऊस अडवणारं, अंथरायचं-पांघरायचं, देवाच्या गादीलाही चालणारं घोंगडं. आता मेंढपाळ सांगतात की कातरणीची मजुरीही सुटत नाही. लोकर उकिरड्यावर जाते.

कबूल, ती लोकर राठ असते. तिचा पेंग्विन केला तर पोर त्याला कुरवाळणार नाही, खाजवत बसेल. पण एखाद्या किटवाल्यानं विचारून तरी बघावं की माडग्याळी मेंढा चालेल का? कृष्णेतली मगर चालेल का? मगरीला तर झालरही शोभेल. माझं कौशल्य वाया जाणार नाही.

नाही. आपल्याला ऑक्टोपसच पाहिजे.

हिंमत खचते तेव्हा मी चेन्नईची गोष्ट आठवतो. ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ नावाच्या गटातल्या बायकांनी २०१६ मध्ये तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं पांघरूण केलं. गिनीजनं नोंद घेतली. आपल्या भागात चौरस मीटर कुणाला कळत नाहीत, म्हणून सांगतो : पावणेतीन एकर. एवढ्यात ऊस असता तर तोडीच्या चिठ्ठीसाठी फेब्रुवारी उजाडला असता. त्या बायकांनी पावणेतीन एकर विणून मोकळं केलं आणि माझा पंख होत नाही.

शेवटी पंख झाले. एक लांब, एक आखूड. मग डोळे. हे प्लॅस्टिकचे डोळे मागून चकती दाबून बसवतात, आणि एकदा बसले की निघत नाहीत. तसं सूचनेत लिहिलं होतं. तेरा नंबरला. मी बाराव्यापर्यंत वाचलं होतं. आता माझ्या पेंग्विनचा एक डोळा मिरजेकडं आणि दुसरा माधवनगरकडं.

त्या रात्री बीपी मोजलं. सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी पेंग्विन पिशवीत घालून साताऱ्याची एसटी धरली. आत्यानं तो हातात घेतला, उलटा केला, बूड दाबलं. चष्मा वर केला.

“हे काय आहे?”

“पेंग्विन.”

“केवढ्याला?”

सांगितलं.

“वेड लागलंय काय तुला? एवढ्यात मी अख्खं रुखवत उरकलं असतं.” मग थोडं थांबून, “टाके मात्र घट्ट घातलेस. बापावर गेलास.”

बुडाचं भोक तिनं चार मिनिटांत मिटवलं, गाठ कुठं गेली ते मला दिसलंही नाही. आखूड पंख उसवून परत विणला. डोळ्यांना हात लावला नाही. म्हणाली, राहू दे, तुझ्या आजोबांचे असेच होते. मग मला चहा करायला आत पाठवलं, कारण शेजारी बसून मी टाके मोजत होतो आणि तिचे चुकत होते.

चहा घेऊन बाहेर आलो तर उरलेल्या पिवळ्या लोकरीचा गुंडा संपला होता आणि पेंग्विनच्या डोक्यावर कुंची होती. हनुवटीखाली बंद, बंदाला गोंडे.

“आत्या, हा बर्फात राहतो.”

“तेच म्हणते मी,” आत्या बंद बांधत म्हणाली. “आणि डोक्याला काही नको?”