बंदा रुपया

वर्तमानपत्र हाती पडताच काही गृहस्थ राशिभविष्य पाहतात, काही निधनवार्ता पाहतात. आणि प्रत्येक आळीत असा एक तरी गृहस्थ असतोच, जो प्रथम सोन्याचांदीच्या बाजारभावाचे पान उघडतो आणि ज्याला भविष्य व निधनवार्ता या दोहोंचाही लाभ त्या एकाच रकान्यात होतो. भविष्य सोन्याचे असते, निधन रुपयाचे.

आमच्या वाड्यातील तात्या याच संप्रदायातले. हयात मामलेदार कचेरीत घालवून, तीतली शेवटची बारा वर्षे तालुक्याच्या खजिन्यावर अव्वल कारकून म्हणून काढून, एका पैचीही तूट येऊ न देता ते सेवानिवृत्त झाले. ज्या अंगठ्याने त्यांनी सरकारी नोटांच्या थप्प्यांवर थप्प्या मोजल्या, तोच अंगठा उर्वरित आयुष्यात त्यांनी त्या नोटांना दाखवावा, याचे नवख्या माणसास नवल वाटते. मला वाटत नाही. गाभाऱ्यात रोज झाडलोट करणाऱ्या गुरवाची देवाविषयीची भीती चेपलेली असते. तात्यांनी तर देव गठ्ठ्यांनी, सुतळीने बांधलेले पाहिले होते.

त्यांच्या तारुण्यातला रुपया निराळा होता, हे त्यांचे पालुपद. तो बरोबर एक तोळा भरे, त्याच्या बारा भागांत अकरा भाग चांदी असे, आणि खजिन्याचा पोतदार तो फरशीवर टाकी तेव्हा त्याचा खणखणाट कचेरीच्या आवारातील पक्षकारांना ऐकू जाऊन त्यांच्या मनात न्यायाविषयी श्रद्धा उत्पन्न होई. पुढे १९४० साली महायुद्धाच्या निमित्ताने त्या रुपयातील चांदी निम्मी झाली, १९४७ साली ती मुळीच नाहीशी होऊन निकेलचा रुपया आला, आणि एक रुपयाची नोट तर तत्पूर्वीच खिशाखिशात शिरली होती. "मास्तर, रुपयाचा आधी घसा बसला, मग तो घोगरा झाला आणि शेवटी मुका झाला," असे तात्या सांगतात, आणि ते अशा स्वरात, की ऐकणाऱ्याने घरच्या वडीलधाऱ्या रुग्णाची प्रकृती विचारावी तसे पुढे काय झाले म्हणून विचारावे.

तात्यांनी नोट स्वीकारणे हा एक संस्कार आहे. दूधवाला किंवा भाडेकरू नोट पुढे करतो. तात्या ती लगेच हाती घेत नाहीत. प्रथम चष्मा शोधला जातो. मग नोट उन्हाच्या तिरिपेत धरून तिच्या पोटातले जलचिन्हाचे सिंह जागेवर आहेत की नाहीत याची हजेरी घेतली जाते. नंतर ती उलटी करून भाषांच्या उतरंडीतील मराठी ओळ वाचली जाते. नंतर नंबर, नंतर सही. हे सारे होईपर्यंत दूधवाल्याचे दूध नासण्याच्या बेतास येते. आणि एवढे होऊनही तात्यांच्या मुद्रेवर जे भाव उमटतात ते मुलगी पसंत पडल्याचे नसून, हुंड्यात काहीतरी लपवले असावे अशा संशयाचे असतात.

नोटेवरील वचन हा तर त्यांच्या विद्वत्तेचा मुख्य प्रांत. "वाचा," असे म्हणून ते दहाची नोट माझ्यापुढे धरतात. धारकास दहा रुपये देण्याचे वचन गव्हर्नरांनी दिलेले असते. "आता मला सांगा, ही नोट घेऊन मी खिडकीवर गेलो तर हे गृहस्थ मला काय देतील? दुसरी नोट. म्हणजे वचनाच्या बदल्यात वचन! दर्शनी हुंडी घेऊन पेढीवर गेलो आणि पेढीवाल्याने मला दुसरी हुंडी लिहून दिली, तर त्याला काय म्हणतात?" त्याला काय म्हणतात हे मला ठाऊक असूनही मी सांगत नाही, कारण घरी मुले ऐकत असतात. मग तात्या आपल्या बंडीच्या खिशातून एक रुपयाची नोट काढतात. ही नोट रिझर्व्ह बँकेची नव्हे, भारत सरकारची. तीवर सही अर्थखात्याच्या सचिवांची, आणि वचन तर मुळीच नाही. "पाहा! दोन रुपये देईन म्हणून सांगायला माणूस आहे. एका रुपयाची हमी घ्यायला कोणी पुढे येत नाही." हा विनोद नसून ही सरकारी वस्तुस्थिती असल्यामुळे मला त्यावर हसता येत नाही.

इतिहासातले दाखले त्यांच्यापाशी सदैव तयार असतात. दिल्लीची राजधानी आमच्या देवगिरीस हलविणाऱ्या महंमद तुघलकाने चांदीच्या टंक्याच्या जागी तांब्यापितळेची नाणी चालविली, घरोघर टांकसाळी निघाल्या, आणि अखेर तीच नाणी परत घेऊन बादशहास खजिना रिकामा करावा लागला, ही हकीकत ते अशा आत्मीयतेने सांगतात, की त्या वेळी खजिन्यावर तेच अव्वल कारकून असावेत. जर्मनीत १९२३ च्या अखेरीस एका डॉलरला चार लाख वीस हजार कोटी मार्क पडत, हा आकडा ते शून्ये मोजत पाटीवर लिहून दाखवतात. माझा थोरला मुलगा त्या आकड्यावरून कोटीच्या पुढची स्थाने शिकला. मी शाळेत शिकवूनही तो शिकला नव्हता, हे येथे नमूद केले पाहिजे.

परंतु त्यांना खरा हर्ष झाला तो १९५६ साली. तोवर रिझर्व्ह बँकेच्या दप्तरात सोन्याची किंमत तोळ्यास एकवीस रुपये तीन आणे दहा पै अशी मांडलेली असे. त्या वर्षी कायदा दुरुस्त होऊन ती साडेबासष्ट रुपये धरण्यात आली. तिजोरी तीच, तिच्यातील लगडी त्याच, एक गुंजभर सोने आत गेले नाही की बाहेर आले नाही. पण चाळीस कोटींचे सोने लेखणीच्या एका फटकाऱ्यासरशी एकशे अठरा कोटींच्या घरात गेले. "मी खजिन्यावर असताना असा ताळेबंद मांडला असता तर मला बेड्या पडल्या असत्या," असे म्हणताना तात्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती निव्वळ निंदेची नव्हती. तीत एका जुन्या हिशेबनिसाने दुसऱ्यास दिलेली दादही होती.

या साऱ्या अश्रद्धेचे मूळ मात्र तुघलकात नाही की जर्मनीत नाही. ते १९३१ सालच्या एका पेढ्याच्या पुड्यात आहे. त्या वर्षी सप्टेंबरच्या २१ तारखेस इंग्लंडने सुवर्णचलनाशी फारकत घेतली, पौंडाच्या शेपटीस बांधलेला रुपया पौंडाबरोबर घसरला, आणि एकवीस-बावीस रुपये तोळ्याचा भाव दोन-तीन महिन्यांत तिशीला जाऊन भिडला. मंदीने गांजलेल्या घराघरातून पाटल्या, गोठ, पुतळ्या निघून सराफांकडे चालू लागल्या, आणि तेथून मुंबई बंदरात बोटींवर चढून विलायतेस गेल्या. तात्यांच्या वडिलांनीही पत्नीच्या पाटल्या व पुतळ्यांची माळ सोन्या मारुतीपाशी नेऊन मोडली, तोळ्यामागे सात-आठ रुपये नफा झाला म्हणून येताना पेढे आणले आणि साऱ्या वाड्यात वाटले. आईने पेढा घेतला, देवापुढे ठेवला आणि खाल्ला नाही. महायुद्ध संपेपर्यंत तोच भाव साठीसत्तरीच्या घरात गेला. वडील तोवर निवर्तले होते, पेढ्याची चव मात्र तात्यांच्या तोंडातून अद्याप गेलेली नाही, आणि आजतागायत आमच्या वाड्यात कोणीही पेढे वाटले, की तात्या प्रथम विचारतात, "काय विकलं?"

अशा पुरुषाच्या घरी सोने किती असावे याविषयी वाड्यात नाना तर्क चालत. तो प्रश्न एका आमटीने सुटला. एके दिवशी ऐन वेळी घरातली डाळ संपली म्हणून आमच्या मंडळीने काकूंकडून वाटीभर तुरीची डाळ उसनी आणली, आणि ती धुताना वाटीच्या तळाशी सोन्याची वेढणी लागली. काकू त्या दिवशी माहेरून नुकत्याच परतल्या होत्या आणि त्यांच्या गैरहजेरीत तात्यांनी आपला राखीव निधी फडताळातून हलवून डाळीच्या डब्यात ठेवला होता. हे अर्थातच त्यांनी पत्नीस कळविले नव्हते, कारण गुप्ततेवाचून निधी कसला? मी ती वेढणी तत्काळ नेऊन दिली. तात्यांनी आभार मानले नाहीत. त्यांनी कोनाड्यातून सराफी काटा काढला, लाल-काळ्या गुंजांची पुरचुंडी सोडली आणि माझ्यादेखत वजन घेतले. वेढणी अर्ध्या तोळ्याची, म्हणजे अठ्ठेचाळीस गुंजांची. काटा अठ्ठेचाळीसवर थांबेना. वेढणी अर्ध्या गुंजेने जास्त भरू लागली. कमी भरली असती तर काय समजायचे ते त्यांस ठाऊक होते. पण खजिन्याच्या उभ्या कारकिर्दीत शिल्लक जास्त निघण्याचा प्रसंग हा तुटीपेक्षाही वाईट समजला जातो. तात्यांना घाम फुटला. शेवटी काकूंनी डोक्यातला आकडा काढून वेढ्यांच्या फटीत घातला, तेव्हा आतून तुरीच्या डाळीची एक पाकळी निघाली. काटा स्थिर झाला. ती पाकळी तात्यांनी प्रामाणिकपणे माझ्या हातावर ठेवली. उसन्या डाळीत ती मोजली गेली होती ना!

पुढे १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आले. चौदा कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली, हजारो सोनारांच्या भट्ट्या विझल्या, आणि अलंकाराव्यतिरिक्तचे सोने ठरावीक वजनापलीकडे असेल तर ते सरकारास जाहीर करावे असा हुकूम निघाला. तात्या तीन आठवडे झोपले नाहीत. वेढणी हा अलंकार की नव्हे? बोटात असता ती अलंकार खरी; पण डाळीत असता काय? त्यांनी माझ्याकडून शब्दकोश नेला, एका ओळखीच्या वकिलास चहास बोलावले, तीन मसुदे केले. अखेर वकिलांनी नियम वाचून दाखविला आणि सांगितले, की अर्धा तोळा सोने या कायद्याच्या खिजगणतीतही नाही. तुम्ही खुशाल झोपा. त्या रात्री तात्या झोपले की नाही कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी ते मला विलक्षण खिन्न दिसले. ज्या सोन्याच्या बळावर त्यांनी तीस वर्षे रिझर्व्ह बँकेशी सामना मांडला होता, त्याची दखल घ्यावी असे सरकारास वाटले नव्हते.

आणि मग त्यांच्या आयुष्यातला सुवर्णक्षण उगवला. १९६६ च्या ६ जूनला रुपयाचे अवमूल्यन झाले. काल चार रुपये शहात्तर पैशांना मिळणारा डॉलर आज साडेसात रुपयांस झाला. सकाळी सहाला माझे दार वाजले. तात्या स्नान करून, धूतवस्त्र नेसून, वर्तमानपत्राची घडी हाती घेऊन उंबऱ्यावर उभे होते. घरात शुभकार्य निघाल्यावर वडील मनुष्य आमंत्रणास निघतो तसे. वाड्यातील प्रत्येक बिऱ्हाडी जाऊन त्यांनी ही वार्ता दिली. त्यांपैकी कोणी डॉलर डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, तात्यांनीही नव्हता. पण एखाद्या दूरच्या, श्रीमंत आणि कधीही न भेटलेल्या नातलगासमोर आपल्या घरच्या मुलाचा पाणउतारा व्हावा, तसे सर्वांना उगीचच वाटले.

"मी सांगत नव्हतो? कागद तो कागद!" तात्या ओट्यावर बसून म्हणाले.

तोच आतून काकूंचा आवाज आला. "अहो, मग त्या पोस्टातल्या सर्टिफिकिटांचं काय करायचं? फंडाचे सगळे पैसे त्यातच घातलेत ना तुम्ही?"

ओट्यावर शांतता पसरली. मी तात्यांकडे पाहिले नाही. सभ्यता म्हणून मी समोरच्या तुळशीकडे पाहत राहिलो. बऱ्याच वेळाने तात्या खाकरले.

"सोन्याला व्याज कुठे आहे, मास्तर?" ते म्हणाले.

याच सुमारास मला दहा रुपयांची नड पडली होती, आणि कागद तो कागद ही गर्जना ताजी असल्यामुळे मी ती त्यांच्यापाशी बोलून दाखविली. ज्या वस्तूस कवडीची किंमत नाही ती शेजाऱ्यास देण्यास काय हरकत असावी? तात्यांनी मला नोटेविषयी पाऊण तास सांगितले. नोट दिली नाही. कागदावर इतके निर्मम प्रेम करणारा मनुष्य मी दुसरा पाहिलेला नाही.

त्या वर्षीच्या दसऱ्याला तात्या सीमोल्लंघन करून परतले आणि रिवाजाप्रमाणे आमच्या दारी येऊन, "घ्या मास्तर, सोनं घ्या," म्हणत त्यांनी आपट्याचे पान माझ्या हातावर ठेवले. दहा रुपयांचे शल्य मनात होतेच. मी चष्मा शोधला. ते पान दिव्याच्या उजेडात धरले, उलटे करून पाहिले, त्यावर कोणाची सही आहे का ते शोधले आणि अखेर ओट्याच्या दगडावर आपटून कान देऊन ऐकले. काकू तोंडाला पदर लावून हसू लागल्या. तात्या हसले नाहीत. त्यांनी ते पान माझ्या हातून परत घेतले, आपल्या जुडीतल्या दुसऱ्या पानाशी ताडून पाहिले आणि खेदाने मान हलवली.

"आवाजाचं राहू द्या, मास्तर. पान बघा केवढं आहे ते. गेल्या वर्षी मंडईत दहा पैशांच्या जुडीत याच्या दीडपट येत होतं."