मोऱ्यांच्या दारात

हल्ली सगळ्या गोष्टींचं खापर अल्गोरिदमवर फुटतं. फोनवर गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात आली, अल्गोरिदम. शेजारणीचं रील कुणी पाहिलं नाही, अल्गोरिदम. पूर्वी हे खातं साडेसातीकडे होतं. तेव्हा हे प्रकरण आहे तरी काय ते कळावं, म्हणून कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या भाचीला गाठलं.

तिच्या पुस्तकात व्याख्या सोपी होती: काम तडीस नेणाऱ्या, क्रमाने दिलेल्या, निःसंदिग्ध सूचना, आणि त्या कुठेतरी संपल्या पाहिजेत. खाली उदाहरण म्हणून पोह्यांची कृती. इथेच माझं आणि पुस्तकाचं बिनसलं. पोह्यांत 'मीठ चवीपुरतं' असतं. कुणाच्या चवीपुरतं? आमच्या घरात यावरून उघड दोन पक्ष आहेत.

"मग मामा, तूच कॉम्प्युटर हो," भाची म्हणाली. "मी सांगेन तेवढंच करायचं. स्वतःचं डोकं वापरायचं नाही."

"ते जमेल त्यांना," स्वयंपाकघरातून आवाज आला.

टेबलावर सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीची यादी पडली होती. आडनावं वर्णानुक्रमाने: आगाशे, कुलकर्णी, गोखले, जोशी, देशपांडे, पाटील, मोरे, शिंदे. मला शिंदे शोधायचे होते. माणूस नुसती नजर टाकेल, पण कॉम्प्युटरला एका वेळी एकच नाव दिसतं. म्हणून बायनरी सर्च: मधलं नाव बघायचं, हवं ते नाव त्याच्या आधी की नंतर ते ठरवायचं, अर्धी यादी टाकून द्यायची.

"मधलं नाव बघ."

मी ढिम्म. आठांत मधलं कुठलं? इतक्या वर्षांच्या संसारात ऐकून घेतलेल्या सूचनांचा सूड उगवायची संधी मी सोडणार नव्हतो. शेवटी तिनं नीट सांगितलं: पहिला आणि शेवटचा क्रमांक मिळव, निम्मे कर, अपूर्णांक सोडून दे. चौथे, जोशी.

"शिंदे नंतर येतात. आता जोशांपासून पुढचा भाग घे आणि पुन्हा तेच कर."

चार आणि आठचे निम्मे सहा, पाटील. सहा आणि आठचे सात, मोरे. सात आणि आठ पंधरा, निम्मे साडेसात, अपूर्णांक सोडून सात. मोरे. पुन्हा सात आणि आठ. मोरे. मोरे. मोरे.

"अहो, मोऱ्यांनी कधीच दिली वर्गणी!" आतून आवाज आला. "किती वेळा मागणार त्यांच्याकडे?"

सूचना अशाच राहिल्या असत्या तर मी आजही मोऱ्यांच्या दारात उभा असतो, आणि शिंदे शेजारच्या दारातून बघत असते. भाचीनं कपाळावर हात मारला आणि एक दुरुस्ती केली: पाहून झालेलं नाव सोडून त्याच्या पुढच्यापासून सुरू कर. नुसता एक मिळवायचा. शिंदे सापडले.

ही रीत मोठी पोहोचलेली आहे. हजार नावं असली तरी फार तर 10 वेळा बघावं लागतं, दहा लाखांना 20 वेळा. देशातल्या 140 कोटी लोकांची नीट लावलेली यादी मिळाली, तर हवं ते नाव 31 नजरांत हाती लागतं. (अशी यादी लावायला समिती नेमावी लागेल, हे अलाहिदा.)

भाची खट्टू झाली होती, पण तिची संगत भलतीच मोठी निघाली. या रीतीची चर्चा 1946 पासूनची. यादी कितीही लांबीची असो, चालेल अशी बिनचूक कृती छापून यायला मात्र साठचं दशक उजाडावं लागलं. पुढे संगणकतज्ज्ञ जॉन बेंटली यांनी बेल लॅब्ज आणि आयबीएममधल्या मुरलेल्या प्रोग्रामरांना हीच कृती लिहायला दिली, दोनेक तास दिले. 90 टक्के लोकांच्या प्रोग्रामात चुका निघाल्या. बेंटलींनी आपल्या पुस्तकात बरोबर म्हणून एक कृती दिली. तीही 2006 मध्ये फसवी ठरली! ते जगाला सांगितलं जोशुआ ब्लॉक यांनी. त्यांनी स्वतः जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेसाठी लिहिलेल्या प्रोग्रामातही तीच चूक साधारण नऊ वर्षं दबा धरून बसली होती. चूक कुठे? पहिला आणि शेवटचा क्रमांक मिळवण्यात. यादी शंभर कोटींच्या पुढे गेली की ही बेरीज 2,14,74,83,647 ओलांडू शकते. तिथे जावाचा साधा पूर्णांक संपतो आणि बेरीज चक्क उणे होते. उपाय पाचवीतल्या पोराला कळेल असा: शेवटच्यातून पहिला वजा करा, निम्मे करा आणि ते पहिल्यात मिळवा.

तुम्हाला हे शिकायचं असेल तर लॅपटॉप उघडू नका. आठ नावं लिहा, घरातल्या एखाद्या आज्ञाधारक माणसाला कॉम्प्युटर करा आणि यादीत नसलेलं नाव शोधायला सांगा. 'नाही' म्हणून कुठे थांबायचं, हे तुम्ही सांगितलं नसेल तर तो थांबणार नाही. यादी मात्र आधी क्रमाने लावून घ्या. आणि क्षीरसागर 'क'च्या घरात बसवायचे की 'ळ'नंतर, ते तुमचं तुम्ही ठरवा. तुम्ही एकीकडे बसवून त्याला दुसरीकडे शोधायला सांगितलंत, तर कॉम्प्युटर वाद घालत नाही. क्षीरसागर नावाचं कुणी इथे राहत नाही, असं सांगून मोकळा होतो.